फळ्याकडे तोंड करून

४ नोव्हेंबर, सोमवार

मान गार पडते. हात नाही, पाय नाही – फक्त मान. फळ्याकडे वळलो की कानामागून खाली कुणी ओलं फडकं फिरवतंय असं वाटतं.

आज पहिला दिवस. आठवी ब, चौतीस मुलं. मी ‘सार’ झालो! बावीस वर्षांचा, त्रिचीचं कॉलेज तिसऱ्या वर्षात टाकून आलेला, विभागप्रमुखाच्या टेबलावर त्याचंच पुस्तक आपटून आलेला रंगा – आणि चौतीस मुलं उभी राहून म्हणतात, “गुड मॉर्निंग, सार!”

हेडमिस्ट्रेस सुब्बलक्ष्मी मॅडमनी स्पष्ट सांगितलं. “तुझ्याकडे डिग्री नाही, हे मला ठाऊक आहे. शेषाद्री सर रजेवर आहेत, तेवढ्यापुरता तू. गणित येतं ना? राग आवरता येतो?”

पहिल्याला हो म्हटलं. दुसऱ्यालाही हो म्हटलं.

आईला वाटतं मुलगा मार्गाला लागला. खरं कारण पहिलीच्या वर्गात आहे, मुलांना बोटं मोजायला शिकवतं. लावण्या. शेषाद्री सरांची मुलगी.

आणि खरी भीती पण तीच.

हे सगळं मराठीत लिहितोय, कारण शाळेत कुणाला वाचता येणार नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ – आमच्या तंजावुरी मराठी लोकांचा तीनशे वर्षांचा नियम. देवनागरी अक्षरं मला हिंदीच्या परीक्षांनी दिली; लावण्याला ती येत नाहीत. दिवसा वही शाळेतल्या माझ्या मेजात, कुलुपाशिवाय, निर्धास्त.

५ नोव्हेंबर

कुणी काही केलं नाही. म्हणजे, अजून केलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

लावण्याला तिच्या गावच्या, तिरुविडैमरुदूरच्या बसपर्यंत सोडायला गेलो. “सोडायला” माझा शब्द. ती म्हणाली, “तुला पण इकडेच जायचंय का रंगा? रोजच?”

माझं घर बरोबर उलट्या दिशेला आहे. तिला ते माहीत आहे. हसली! खालचा ओठ दातात धरून, आवाज न करता. मग बस यायला वेळ लागला आणि ती सरांबद्दल बोलली. हसू गेलं.

सप्टेंबरातली गोष्ट. नववीचा तास. सर फळ्यावर लिहीत होते. ओळ संपली आणि सर वळलेच नाहीत. खडू फळ्याला टेकलेला, तोंड फळ्याकडे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मुलं आधी हसली, मग घाबरली. शेवटी शिपायानं खांदे धरून फिरवलं, तर गालावरून पाणी चाललेलं.

“तेव्हापासून अप्पा तमिळ बोलत नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे बोलतच नाहीत. एक शब्द नाही. डॉक्टर तमिळमध्ये विचारतो, अप्पा मराठीत सांगतात, मी मधे बसून उलटून सांगते. सव्वीस वर्षं ज्या भाषेत शिकवलं ना, ती भाषा त्यांनी चपलेसारखी दारात काढून ठेवलीय. घराबाहेर पडायला नको म्हणून.”

मी विचारलं, “पण झालं काय नक्की?” मला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं. काय माणूस आहे मी!

“तो आवाज,” ती म्हणाली. “तू पण ह्याच शाळेत होतास. तुला माहीत नाही?”

बस आली. देवच आला.

१० नोव्हेंबर, रविवार

लिहून टाकतो. कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

सात वर्षांपूर्वी मी दहावीत होतो. शेषाद्री सरांनी माझा पेपर सगळ्या वर्गासमोर वाचला. “बघा हे उत्तर! ह्यात गणित सोडून सगळं आहे!” सगळे हसले. मुलींची बाजू पण हसली. मला तेव्हाही राग आवरत नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांच्या घरी शिकवणीला गेलो. आम्ही सहा मुलं जायचो. लावण्या तेव्हा तंजावुरात मावशीकडे शिकत होती, म्हणून तिनं मला तिथे कधी पाहिलं नाही. सर ओसरीवर प्रमेय सांगत होते. आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईची हाक आली – “चिमण्या! कॉफी निवते रे, चिमण्या!”

त्रेचाळीस वर्षांचे सर. टक्कल पडायला लागलेलं. आणि “आलो, आई” म्हणून उठले, पोरासारख्या उड्या मारत.

बाकी पाच जणांना काही कळलं नाही. त्यांना मराठी येत नव्हतं. कळलं ते मला एकट्याला.

दुसऱ्या दिवशी मी ते नाव उंबऱ्याबाहेर काढलं. मागच्या बाकावर सांगितलं – चिमण्या, म्हणजे लहानशी चिमणी. सर फळ्याकडे वळले आणि मीच पहिल्यांदा केलं – कीच्! ओठ मिटून, जिभेनं. पहिला आवाज माझा. मग कीच्, कीच्, कीच्, चारी कोपऱ्यांतून.

सहामाहीपर्यंत सगळ्या शाळेत झालं. मी शाळा सोडली, नाव राहिलं. मोठी मुलं लहानांना देऊन जातात. आताच्या मुलांना अर्थसुद्धा माहीत नाही. फक्त एवढंच, की गणिताच्या सरांनी पाठ केली की कीच् करायचं.

सात वर्षं, रोज, प्रत्येक तासाला.

आणि मी त्यांच्या मुलीच्या मागे बसस्टॉपपर्यंत जातो!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज भीतीशिवाय चाळीस मिनिटं गेली! पहिल्यांदाच.

मायनस गुणिले मायनस प्लस. मुलांनी पाठ केलंय, मंत्रासारखं. कीर्ति नावाची मुलगी आहे – दोन वेण्या, पेन चावते, मान खाली. तिनं विचारलं, “का, सार?” मागून कुणीतरी कुजबुजलं, “नियम आहे, गप.” मला माझे प्राध्यापक आठवले. मी पण एकदा ‘का’ विचारलं होतं. तिथूनच भांडण सुरू झालं होतं.

खडू खाली ठेवला. म्हटलं, “महामहम तळं सगळ्यांनी पाहिलंय?” हसले. ह्या गावात तो काय प्रश्न झाला!

“तळ्याचं पाणी उपसतायत. रोज दोन पायऱ्या खाली जातं. खाली म्हणजे मायनस. म्हणजे रोज मायनस दोन. तीन दिवसांनी कुठे असेल?”

“सहा पायऱ्या खाली, सार!”

“आणि तीन दिवसांपूर्वी कुठे होतं? मागे जायचंय. मायनस तीन दिवस.”

कीर्तिचं पेन तोंडातून बाहेर आलं. “वर होतं सार... सहा पायऱ्या वर होतं!” आणि मग, अगदी स्वतःशी – “म्हणजे हा नियम नाहीच. हे असंच असतं.”

तिचा चेहरा! दिवा लागला म्हणतात तसं नव्हतं ते. चिडल्यासारखी झाली होती. इतकं सोपं होतं, मग आजवर कुणी सांगितलं का नाही म्हणून.

त्रिचीत तीन वर्षांत मला एकदाही असं वाटलं नाही. घरी चालत आलो, सायकल शाळेतच विसरून. हे काम मला हवंय. लावण्यासाठी नाही. म्हणजे, लावण्यासाठी पण. पण हे निराळं.

हवंसं वाटलं आणि लगेच गमावायची भीती. हातात काही नव्हतं तोवर बरं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुब्बलक्ष्मी मॅडमनी पाठवलं, “मुलांचे चाचणीचे पेपर सरांना दाखवून ये. त्यांना बरं वाटेल.” नाही म्हणायला कारण सापडेना.

तीच ओसरी, तोच झोपाळा. दारातून आत जाताना मी आपसूक मान वाकवली. लावण्या बघत राहिली. “पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचं डोकं ह्या चौकटीवर आपटतं. तुला कसं कळलं?”

“जुन्या घरांच्या चौकटी बुटक्याच असतात,” म्हटलं. मान परत गार.

सर झोपाळ्यावर. किती बारीक झालेत! माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“कोण, रंगा? आंत ये. बैस.”

पेपर दिले. त्यांनी उघडले नाहीत. मांडीवर ठेवून वर हात ठेवला, मांजर बसवल्यासारखा. मग विचारलं, “फळ्याकडे वळतोस?”

“हो सर.”

“पाठ करून?”

“हो.”

“काय होतं मग?”

“काही नाही, सर.”

“होईल,” ते म्हणाले. एवढंच. धमकी नव्हती, काळजी पण नव्हती. पाऊस येईल म्हणावं तसं म्हणाले.

लावण्यानं कॉफी दिली आणि मागच्या दारी हळूच म्हणाली, “आजी गेली त्याला तीन वर्षं झाली. त्या नावानं हाक मारणारी एकच होती. ती गेली, आणि आता ते नाव फक्त शाळेत ऐकू येतं. कळतंय तुला? आईची हाक आणि ती अशी! घरातलं नाव बाहेर कुणी नेलं हे मला एकदा कळू दे. त्या माणसाचं तोंड मी जन्मात बघणार नाही.”

कॉफी एका घोटात संपवली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

झालं.

पाचवा तास. मी फळ्यावर तिसरी ओळ लिहीत होतो.

कीच्.

एकच, बारीक. मी गोठलो. मग दुसरा, तिसरा. मला वाटायचं ऐकू आलं तर संताप येईल. नाही! आधी काय आलं सांगू? मला आईकडे जावंसं वाटलं. बावीस वर्षांचा घोडा मी.

मग संताप आला. शेवटच्या बाकावर सतीशकुमार, गाल आत ओढलेले. त्याची कॉलर धरली, उभा केला, हात वर गेला. हात वरच. त्याच्या पापण्या मिटलेल्या, फडफडतायत. बारा-तेरा वर्षांचं पोर.

हात खाली आणला. डस्टर भिंतीवर फेकलं. दोन तुकडे.

मॅडमनी बोलावलं. “राग आवरता येतो असं सांगितलं होतंस.”

“चुकलं, मॅडम.”

“पुन्हा झालं तर त्याच दिवशी संपलं. माझा एक शिक्षक ह्या शाळेनं मोडलाय. दुसऱ्याला मुलं मोडू देणार नाही मी.”

मी त्यांना काय सांगू? मोडणारा तुमच्या समोर उभा आहे म्हणून?

सहावा तास फळ्याला बाजू देऊन लिहिला, खेकड्यासारखा. अक्षर उताराला लागलं. सर असंच लिहायचे, दहावीच्या शेवटी शेवटी. आम्ही त्यालाही हसायचो.

२० नोव्हेंबर

पाऊस. कलेक्टरनं शाळांना सुट्टी दिली. मी उडी मारली! आई म्हणाली, “तू शिकवायला जातोस की शिकायला?”

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत जाताना दारात दोनदा परत फिरलो.

हा तिसरा आठवडा आहे. सरांनी सात वर्षं काढली.

लावण्यानं सांगितलं – सरांची रजा संपत आली. दोन डिसेंबरला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. “अप्पा गेले नाहीत तर कधीच जाणार नाहीत. मग ओसरीवरच म्हातारे होतील. पन्नास म्हणजे काय वय आहे रंगा?” तिचे डोळे भरले होते. माझा हात तिच्या हाताजवळ होता, चार बोटांवर. पुढे नेला नाही. कुठल्या तोंडानं?

२५ नोव्हेंबर, सोमवार

मी बोललो. बोलून बसलो!

ठरवलं नव्हतं. फळ्याकडे वळलो, मान गार, आणि कीच्. मी वळलो. ओरडलो नाही. टेबलाच्या कडेवर बसलो.

सतीशकुमारच उठला. खरंच विचारत होता, खोडी नव्हती. “सार, चिमण्या म्हणजे काय? आम्हाला कुणीच सांगत नाही.”

आणि मी सांगितलं. तमिळमध्ये, त्यांच्या भाषेत. “शेषाद्री सरांची आई त्यांना घरात त्या नावानं हाक मारायची. कॉफी थंड होतेय, ये, म्हणून. ते नाव फक्त त्यांच्या घरातलं होतं. एका मुलानं ते चोरून शाळेत आणलं, सरांवर राग होता म्हणून.”

“कोण सार?”

“मी.”

कीर्तिनं विचारलं, “त्यांची आई आता त्यांना काय म्हणते?”

“आई नाही आता.”

सतीशकुमार बसला. बाकावर डोकं ठेवलं. मी त्याला वर बघ म्हटलं नाही.

उरलेला तास गणित केलं. फळ्याकडे पाठ – नाही, पाठ मुलांकडे, तोंड फळ्याकडे. काही आवाज नाही. त्या शांततेची जास्त भीती वाटली.

आता लिहिताना कळतंय काय केलं ते. चौतीस मुलं. जेवणाच्या सुट्टीत शाळाभर होणार. पहिलीचा वर्ग त्याच मजल्यावर आहे.

२६ नोव्हेंबर

पाऊस, सुट्टी. फोन नाही. ह्या वेळी उडी मारली नाही.

२७ नोव्हेंबर

परत सुट्टी. आईनं विचारलं, “ताप आहे का?” मी तिच्यावर ओरडलो. मग जाऊन भांडी घासली. फोन उशाला घेऊन बसलो. तिला तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बसस्टॉपवर आली. छत्री मिटली नाही.

“तूच?”

“हो.”

“चौकट,” ती म्हणाली. “चौकटीवरूनच मला कळायला हवं होतं.”

“लावण्या, मी तेव्हा –”

“मला नको सांगू. अप्पाला सांग. मुलांना सांगायला बरी जीभ उचलली तुझी! ज्याचं नाव चोरलंस त्याला कोण सांगणार, मी? मधे बसून हे पण उलटून सांगू?”

बस आली. ती पुढच्या दारानं चढली. मागे वळली नाही. आज पहिल्यांदा मला कुणी वळावं असं वाटत होतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

गेलो. बसमध्ये दोनदा उतरावंसं वाटलं. एकदा उतरलो पण, गोविंदपुरमला. पुढच्या बसनं गेलो.

सर झोपाळ्यावर. ह्या वेळी पेपर उघडलेले, हातात लाल पेन. लावण्या आतल्या खोलीत. दार अर्धं उघडं. ऐकत होती.

मी बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, “सर, ते नाव शाळेत मी नेलं.”

पेन चालूच. पान उलटलं.

“ठाऊक आहे रे.”

“काय?”

“त्या वर्षी शिकवणीला सहा मुलं. त्यांत मराठी कळणारा एक. गणिताचा मास्तर आहे मी, रंगा. एवढं गणित येतं मला.”

खाली बसलो, उंबऱ्यावर.

“सात वर्षं ठाऊक होतं?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

“मग काही बोलला का नाहीत? मारलं का नाही मला?”

“कसाला? आधी वर्गासमोर मी तुझा पेपर वाचला. ते पण ठाऊक होतं.” पेनाचं टोपण लावलं. “वाटलं, महिन्याभरात मुलं विसरतील. तिथे मात्र माझं गणित चुकलं.”

मग त्यांनी ते सांगितलं.

“माझ्या जागी तुला घ्या असं सुब्बलक्ष्मीला मीच कळवलं. लावण्याकडून चिठ्ठी दिली होती. बंद. तिला ठाऊक नाही आंत काय होतं ते.”

आतल्या दारात बांगड्या वाजल्या.

“मला वाटलं तुम्ही मला –” माफ केलं? निवडलं?

“नाही,” ते म्हणाले. “चांगल्या मनानं नाही केलं. तू एकदा तिथे उभा राहावास, फळ्याकडे तोंड करून, आणि तुझ्या मानेला कळावं. एवढंच होतं मनात. पोराएवढ्या मुलावर सूड उगवला मी. रोज लावण्याला विचारायचो, रंगा कसा आहे. ती म्हणायची, बरा आहे. मला झोप यायची नाही. अजून कसा बरा आहे?”

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. झोपाळ्याची कडी वाजत होती.

“मग एक दिवस ती म्हणाली, आठवी बची मुलं तळ्याच्या पायऱ्या मोजत घरी जातात. कसाला, म्हटलं. तिनं सांगितलं. सव्वीस वर्षं मी मायनस गुणिले मायनस शिकवलं. नियम म्हणून शिकवलं. मला तळं सुचलं नाही. मी तर रोज त्याच्या काठानं गेलो.”

कीर्तिचा पेपर त्यांच्या हातात होता. तिनं उत्तराशेजारी चार पायऱ्या काढल्या होत्या, पेन्सिलीनं.

“त्या दिवशी राग गेला का, सर?” मी विचारलं. लहान मुलासारखं.

“राग नाही गेला. भूक लागली. दोन महिन्यांनी.”

लावण्या बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं नाही. सरांच्या शेजारी बसली आणि त्यांना म्हणाली, “तुम्ही पण अप्पा? चिठ्ठी मी नेली! माझ्या हातानं!” रागानं ओठ पांढरे. मग दोघांना मिळून म्हणाली, “काय माणसं आहात तुम्ही!”

कॉफी मिळाली नाही. सरांनाही नाही.

निघताना विचारलं, “सोमवारी येणार का, सर?”

पेपरांचा गठ्ठा परत दिला. “उंबऱ्यापर्यंत जातो रोज. चपला घालतो. मग मान गार पडते.”

मान! त्यांची पण मानच. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

१ डिसेंबर

उद्या. सर आले तर मी घरी. नाही आले तर त्यांचं आयुष्य मी खाल्लं. काय मागू देवाकडे ते कळत नाही. त्रिचीच्या कॉलेजात परत प्रवेशाचा फॉर्म ट्रंकेतून काढून ठेवला. सही केली नाही.

२ डिसेंबर, सोमवार

पहिला तास, आठवी ब. सर आले नव्हते. मी फळ्याकडे वळलो आणि लिहायला लागलो. तिसऱ्या ओळीला मागून आवाज आला. कीच्.

वर्गाचा श्वास अडकलेला ऐकू आला. मी वळलो. मुलं माझ्याकडे बघत नव्हती. सगळ्या माना मागे.

शेवटच्या बाकावर, सतीशकुमारच्या शेजारी, गुडघे बाकात अडकवून शेषाद्री सर बसले होते. मागच्या दारानं कधी आले कुणास ठाऊक. सतीशकुमार भिंतीला चिकटलेला. सरांच्या कपाळावर घाम होता, आणि ओठ अजून तसेच, मिटलेले.

मग त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले – तमिळमध्ये! – “सार, तिसऱ्या ओळीत मायनस राहिलाय.”

राहिला होता.

मी खडू उचलला आणि पुन्हा फळ्याकडे वळलो.